तंगुसाची गाठ: निवडावी कशी, आवळावी कशी

गळ तुटून गेला की उरलेला तंगूस, म्हणजे मासे गरवायचा नायलॉनचा दोरा, रागारागाने गुंडाळून ठेवू नका. त्याचं टोक दोन बोटांत धरा आणि उजेडाकडे करून बघा. सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या सालपटासारखं ते कुरळं झालं असेल, तर तंगूस तुटलेलाच नाही, गाठ सरकून सुटली आहे. टोक सरळ असेल, तुकडा पडावा तसं एकदम संपत असेल आणि मागचा तंगूस गुळगुळीत असेल, तर तो बहुधा गाठीच्या तोंडाशी तुटला. आवळताना तिथे घासून तापला असेल किंवा एक वेढा दुसऱ्यावर चढून चिरडला असेल. आणि टोकामागचा हातभर भाग बोटाला खरखरीत, पांढरट लागत असेल, तर गाठीला बोल लावू नका. कालवांनी भरलेल्या खडकाने ते काम केलं.

हे मला शिकायला एक मोठी तांबोशी गमवावी लागली. दाभोळच्या खाडीत उधाणाची भरती चढत होती. मासा लागला, त्याने खडकाकडे एक धाव घेतली आणि रॉड अचानक हलका झाला. बरोबर आमच्या वाडीतले एक तांडेल काका होते, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्यांनी माझ्या हातातलं कुरळं टोक बघितलं आणि एवढंच म्हणाले, “ही सुरगाठ झाली रे. निरगाठ मारायला हवी होती.” गाठ मी पुस्तकात दाखवली होती तशीच मारली होती. पण काळोखात घाईने, कोरडीच ओढून. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: तंगुसाची गाठ बांधण्यात क्वचित चुकते, आवळण्यात नेहमी चुकते. म्हणून इथे गाठींची लांबलचक यादी देण्याऐवजी मोजक्या गाठी देतो आहे, आणि त्या आवळायच्या कशा यावर जास्त बोलणार आहे.

तंगूस गाठीला त्रास का देतो

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच अखंड धागा. नायलॉन 1935 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या गटाने तयार केलं. त्याआधी दोऱ्या आणि जाळी सुताची, सणाची असत. सुताच्या दोरीला तंतू असतात, ते एकमेकांत रुततात आणि साधी गाठही धरून बसते. तंगुसाला असे तंतू नाहीत. काचेसारखा गुळगुळीत असल्यामुळे तो स्वतःवरूनच घसरतो. त्याची पकड वेढ्यांच्या दाबातूनच यावी लागते.

दुसरी गोष्ट, तो ताणतो. ताण आला की लांबतो आणि लांबताना थोडा बारीकही होतो. म्हणजे सैल बसलेली गाठ मासा ओढेल तेव्हा आणखी सैल होते. तिसरी गोष्ट, नायलॉन पाणी पितं. तासभर पाण्यात राहिलेला तंगूस कोरड्यापेक्षा मऊ होतो आणि थोडा कमजोरही. घरात कोरड्या तंगुसावर केलेली परीक्षा समुद्रावर तंतोतंत लागू पडत नाही ती यामुळे.

चौथी गोष्ट सगळ्यांत घातक, आणि ती म्हणजे उष्णता. नायलॉनच्या प्रकाराप्रमाणे ते साधारण 220 ते 260 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. कोरडी गाठ झटक्यात ओढली की वेढे एकमेकांवर घासून त्या एका बिंदूला तापतात. डोळ्यांना काही दिसत नाही. फार तर तंगूस किंचित पांढुरका, सुरकुतल्यासारखा होतो. तो भाग पुढे मासा लागल्यावर सगळ्यांत आधी जातो.

गाठीमुळे तंगूस कमजोर होतो तो मुख्यतः वळणामुळे. सरळ धाग्यावर भार सगळीकडे सारखा वाटला जातो. तोच धागा अरुंद वळणातून गेला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. शिवाय मुख्य तंगूस जिथे गाठीत शिरतो, तिथे सगळा भार एकवटतो. चांगली गाठ हा भार पाच-सहा वेढ्यांत वाटून देते. मधोमध पडलेली साधी गाठ तसं काही करत नाही, आणि तंगुसाची ताकद निम्म्यापर्यंत खाली आणू शकते. फेकताना वाऱ्याने आपोआप पडणारी ती बारीक गाठ दिसली की सोडवत बसू नका. तेवढा भाग कापून टाका.

आधी आकडे समजून घ्या

रिळावर लिहिलेली ताकद किलोत किंवा पौंडांत असते. 10 पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, 20 पौंड म्हणजे 9 किलो, 30 पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. हा आकडा बिनगाठीच्या तंगुसाचा असतो. गाठीसाठी मी जाडीचा आकडा जास्त महत्त्वाचा मानतो, कारण किती वेढे घ्यायचे ते जाडीवर ठरतं. दोन कंपन्यांच्या 20 पौंडांच्या तंगुसांची जाडी वेगवेगळी असू शकते.

रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ आली की रीलने तंगूस सोडायचा तो जोर, तंगुसाच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात. म्हणजे 9 किलोच्या तंगुसाला सव्वादोन ते तीन किलो. मग गाठ तंगुसाची ऐंशी टक्के ताकद राखणारी असली काय आणि पंच्याण्णव टक्के राखणारी असली काय, असं कुणी विचारेल. फरक हिसक्याला पडतो. जिताडा पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं झटकतो, किंवा तांबोशी पायाखालच्या खडकात घुसते आणि तुम्ही स्पूल तळव्याने दाबून धरता, तेव्हा ड्रॅगचा हिशोब संपलेला असतो. त्या क्षणी ओढ फक्त गाठ आणि हात यांच्यात असते.

प्रत्येक गाठीला लागू असलेली पद्धत

कुठलीही गाठ मारण्याआधी तंगुसाचा शेवटचा हातभर भाग अंगठा आणि तर्जनीच्या नखांतून हळू ओढून बघा. ओरखडा नखाला लगेच कळतो. मी तर ओठांवरून फिरवतो. बोटांना घट्टे पडलेले असले तरी ओठ फसत नाहीत. खरखर लागली तर तिथून वर कापा. हातभर तंगुसाला काही रुपये लागतात. मासा गेला तर पुढची भरती होईपर्यंत वाट बघावी लागते.

गाठ बांधताना जे टोक हातात खेळवतो त्याला मी पुढे शेंडी म्हणतो आहे, आणि रीलकडे जाणाऱ्याला मूळ तंगूस. शेंडी नेहमी एक वीत किंवा त्याहून जास्त ठेवा. शेंडी आखूड ठेवून काटकसर करणाऱ्यांच्या गाठी वाकड्या बसतात, कारण शेवटच्या क्षणी धरायला हातात काही उरत नाही.

वेढे एकाशेजारी एक बसले पाहिजेत, स्प्रिंगसारखे. एक वेढा दुसऱ्यावर चढला की वरचा खालच्याला सुरीसारखा दाबतो. वेढे किती घ्यायचे याचा माझा अंदाज असा: 0.30 मिलिमीटरपर्यंत सहा-सात, 0.35 ते 0.45 पर्यंत पाच, 0.50 ते 0.60 ला चार, त्यापुढे तीन. बारीक तंगुसाला कमी वेढे घेतले तर गाठ सरकते. जाड तंगुसाला जास्त घेतले तर गाठ पूर्ण आवळलीच जात नाही. वरून घट्ट दिसते, आतून पोकळ राहते.

आता आवळणं. गाठ अजून सैल असतानाच ती ओली करा, अगदी आतपर्यंत. मी लाळ वापरतो, कारण ती पाण्यापेक्षा बुळबुळीत असते. आमिषाचे हात असतील तर जवळच्या बाटलीतलं स्वच्छ पाणी घ्या. पुळणीवर लाटेत बुडवून ओली करू नका. त्या पाण्यात वाळू असते आणि वाळूचा एक कण वेढ्यात अडकला तरी पुरतो. मग पहिली ओढ हलकी, वेढे फक्त जवळ येण्यापुरती. इथे थांबा आणि बघा. वेढे ओळीत आहेत का? नसतील तर या टप्प्यावर अजून सुधारता येतात, पुढे नाही. पुन्हा ओली करा आणि एकसारख्या, सावकाश जोराने घट्ट करा. झटका कधीच नको.

शेवटी परीक्षा. गळ पकडीत धरा किंवा नेढ्यात खिळा घाला, मूळ तंगूस रुमालाभोवती गुंडाळा आणि ड्रॅग जेवढा लावणार आहात त्याहून थोडा जास्त जोर लावून दहा मोजेपर्यंत धरा. उघड्या हातावर तंगूस गुंडाळू नका, तो मांसात शिरतो. गाठ सुटायची असेल तर इथे सुटू द्या. टिकली तर शेंडी नखं कापायच्या कटरने दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. अगदी गाठीलगत कापली आणि गाठ थोडी बसली, तर शेंडी आत ओढली जाते. काही जण शेंडीच्या टोकाला काडी लावून गोळी करतात. ते टाळा. ज्या उष्णतेपासून आपण गाठ वाचवत आलो, तीच तिच्या शेजारी नेऊन ठेवायची कशाला?

एकच शिकायची असेल तर युनी

या गाठीने गळ बांधता येतो, दोन तंगूस जोडता येतात, स्पूलवर पहिलं टोक अडकवता येतं आणि गळाच्या दांडीवर पकडही घेता येते. अंधारात, वाऱ्यात, थरथरत्या हातांनीही ती जमते. अमेरिकेतले मासेमारीवर लिहिणारे लेखक विक डनवे यांनी ती लोकप्रिय केली.

1. शेंडी नेढ्यातून ओवा आणि एक वीतभर मागे आणून मूळ तंगुसाला समांतर धरा. आता दोन धागे शेजारी आहेत.
2. शेंडी पुन्हा गळाकडे वळवा, म्हणजे त्या दोन धाग्यांवर एक मोठा फास पडेल. फासाचं वरचं वळण डाव्या हाताच्या चिमटीत धरा.
3. शेंडी फासाच्या आतून आणि दोन्ही धाग्यांच्या भोवती फिरवा. पाच वेढे घ्या, बारीक तंगुसाला सहा.
4. ओली करा. शेंडी ओढून वेढे जवळ आणा, पण अजून पूर्ण आवळू नका.
5. आता मूळ तंगूस ओढा. गाठ सरकत नेढ्यापाशी जाऊन बसेल. बसल्यावर शेंडीला एक शेवटची ओढ द्या आणि मग परीक्षा घ्या.

चूक होते ती चौथ्या पायरीवर. शेंडी ओढून गाठ आधीच पक्की केली आणि मग सरकवली, तर ती मूळ तंगुसावर घासत जाते आणि नेमका तोच भाग तापतो जो भार घेणार आहे. अर्धी आवळा, सरकवा, मग पक्की करा.

गळ आणि स्विव्हलसाठी पॅलोमार

नेढं मोठं असेल आणि टोकाला नुसता गळ किंवा स्विव्हल (तंगुसाला पीळ पडू न देणारं फिरतं कडं) असेल तर माझा हात आधी पॅलोमारकडे जातो. यात नेढ्यातून तंगुसाचे दोन पदर जातात, त्यामुळे धातूवर घासण्याचा भार वाटला जातो. नीट बसली तर तंगुसाच्या गाठींमध्ये ती वरच्या रांगेत असते.

तंगुसाचा वीतभर भाग दुहेरी करा आणि तो दुहेरी फास नेढ्यातून पार न्या. गळ लोंबता ठेवून त्या दुहेरी पदराची मूळ पदराभोवती एक साधी, सैल गाठ मारा. आवळू नका. आता फास उघडून त्यातून अख्खा गळ पार करा. ओली करा आणि मूळ तंगूस व शेंडी एकत्र धरून ओढा. फास नेढ्याच्या वर, गाठीच्या बुडाशी जाऊन बसला पाहिजे. तो नेढ्याच्या कडेवर अर्धवट अडकला किंवा दुहेरी पदरांनी एकमेकांना पीळ घातला, तर सरळ कापून नव्याने बांधा. अर्धवट बसलेली पॅलोमार दिसायला चांगली आणि ताकदीला वाईट असते.

तिची अडचण एकच: फासातून सगळं पार करावं लागतं. मोठा लुअर (खोटं आमिष), तीन-तीन काट्यांचे गळ, किंवा पुढे शिसं बांधलेली लांब दोरी असेल तर ती अवघड जाते. तिथे युनी.

क्लिंच: सगळ्यांना येते, म्हणून सगळे फसतात

बहुतेकांची पहिली गाठ हीच. शेंडी नेढ्यातून ओवायची, मूळ तंगुसाभोवती पाच ते सात वेढे घ्यायचे, शेंडी नेढ्याला लागून असलेल्या छोट्या फटीतून घालायची आणि मग नुकत्या तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा बाहेर काढायची. ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे, तिच्यामुळेच ती सुधारलेली क्लिंच होते. ती नसली तर उरते साधी क्लिंच, आणि मला तांबोशीच्या वेळी कुरळं टोक दाखवणारी गाठ तीच होती.

0.40 पर्यंतच्या तंगुसाला सुधारलेली क्लिंच चालते. पुळणीवर मुडदुशीसाठी बारीक तंगूस आणि छोटा गळ वापरताना मी आजही ती मारतो, कारण पटकन होते. 0.50 च्या वर मात्र ती विश्वासाची नाही. जाड तंगुसाचे वेढे एकमेकांवर नीट रचले जात नाहीत, कितीही ओढा.

जाड तंगुसासाठी सॅन दिएगो जॅम

जिताड्याच्या गालफडाची कड धारदार असते आणि जबडा कानशीसारखा खरखरीत. त्याच्यासाठी शेवटचा हात-दीड हात तंगूस 0.60 ते 0.80 चा लावावा लागतो. अशा जाड तंगुसाला ही गाठ उत्तम बसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून ट्यूनासाठी दूर समुद्रात जाणाऱ्या बोटींवर ती वर्षानुवर्षं वापरात आहे.

शेंडी नेढ्यातून ओवून चांगली दीड वीत बाहेर काढा. शेंडी वर नेऊन मूळ तंगुसाच्या बाजूला धरा आणि जिथून वेढे सुरू करणार, तिथे डाव्या हाताची तर्जनी दोन धाग्यांमध्ये घालून ठेवा. हे बोट म्हणजे पुढे लागणारा वरचा फास. आता शेंडी दोन्ही धाग्यांभोवती गुंडाळत खाली गळाकडे या. 0.60 ला चार वेढे, 0.80 ला तीन पुरतात. शेवटच्या वेढ्याखाली, नेढ्याच्या लगत दोन धाग्यांमध्ये फट दिसेल. शेंडी त्या फटीतून आरपार घाला आणि वर आणून, बोटाने उघडा ठेवलेल्या फासातून ओवा. बोट काढा. भरपूर ओली करा. शेंडी ओढून वेढे जवळ आणा, मग मूळ तंगूस ओढून गाठ खाली सरकवा, मग पुन्हा शेंडी. जाड तंगुसाला हाताचा जोर पुरत नाही. शेंडी पकडीत धरा, पण पकडीचे दात मूळ तंगुसाला लागू देऊ नका.

सुरमईसारख्या दातांच्या माशापुढे कितीही जाड तंगूस आणि कितीही चांगली गाठ लावली तरी उपयोग नाही. तिथे तारच हवी.

बिननेढ्याचे, चपट्या डोक्याचे गळ

आपल्याकडे गरीला लावायचे बरेच गळ नेढ्याचे नसतात. दांडीचं टोक ठोकून चपटं केलेलं असतं. शहरातून आलेला हौशी गरवणारा ते हातात घेऊन विचारतो, “यात दोरी घालायची कुठे?” तांडेल काका असा गळ बोलता बोलता, न बघता बांधतात. ही बांधणी नुसत्या नेढ्यावरच्या गाठीपेक्षा मला अनेकदा बरी वाटते, कारण ओढ थेट दांडीच्या रेषेत लागते आणि गळ तोंडात सरळ वळतो.

गळाचं टोक तुमच्याकडे, चपटं डोकं डावीकडे धरा. मूळ तंगूस डाव्या बाजूला राहील असा तंगूस दांडीवर लांबीने ठेवा, शेंडी उजवीकडे गळाच्या वळणापलीकडे जाऊ द्या. शेंडी पुन्हा चपट्या डोक्याकडे वळवून दांडीच्या बाजूला एक फास तयार करा. आता शेंडी या फासातून आणि दांडी व मूळ तंगूस या दोन्हींच्या भोवती फिरवा. सात-आठ वेढे, एकाला एक चिकटून. ओली करा, शेंडी ओढून वेढे गोळा करा, मग मूळ तंगूस ओढा आणि वेढे चपट्या डोक्याला टेकेपर्यंत सरकवा.

शेवटी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. तंगूस चपट्या डोक्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे गळाच्या टोकाच्या बाजूने, बाहेर पडला पाहिजे. मागच्या बाजूने निघाला तर प्रत्येक ओढीला तो चपट्या डोक्याच्या कडेवर घासतो, आणि ती कड धारदार असते. वेढे सैल असतानाच ते फिरवून तंगूस योग्य बाजूला आणा.

लुअर मोकळा नाचायला हवा तेव्हा

नेढ्यावर घट्ट बसलेली गाठ लुअरची मान धरून ठेवते, विशेषतः तंगूस जाड असेल तेव्हा. त्यासाठी न सरकणारा फास लागतो. मूळ तंगुसात टोकापासून सव्वा वीत अंतरावर एक साधी गाठ मारा, पण आवळू नका, छोटं कडं राहू द्या. शेंडी लुअरच्या नेढ्यातून ओवा आणि त्या कड्यातून, ती ज्या बाजूने बाहेर पडली होती त्याच बाजूने, परत घाला. मूळ तंगुसाभोवती चार-पाच वेढे घ्या, जाड असेल तर तीन. शेंडी पुन्हा कड्यातून, पुन्हा त्याच बाजूने घालून परत आणा. ओली करा, आधी शेंडी हळू ओढा, मग लुअर आणि मूळ तंगूस विरुद्ध दिशांना. कडं नेढ्यापासून जेवढ्या अंतरावर असेल तेवढा फास होतो. करंगळीच्या नखाएवढा फास पुरतो.

शेंडी कड्यात चुकीच्या बाजूने परत घातली तरी गाठ होते, पण ती तितकी टिकत नाही. म्हणून ती बाजू लक्षात ठेवा. या एका वळणासाठी मी दहा-बारा वेळा घरी बसून सराव केला.

दोन तंगूस जोडताना

दोन्हींची जाडी सारखी किंवा जवळपास असेल तर दुहेरी युनी. टोकं दीड वीत एकमेकांवर आणा, पहिल्या शेंडीने दुसऱ्या तंगुसाभोवती युनी मारा, दुसऱ्या शेंडीने पहिल्याभोवती. दोन्ही ओल्या करून अर्ध्या आवळा, मग मूळ तंगूस दोन्हीकडे ओढून गाठींना एकमेकींना भिडू द्या. बारीक तंगुसाच्या बाजूने सहा वेढे, जाडाच्या बाजूने तीन-चार. ब्लड नॉट दिसायला जास्त देखणी आणि रॉडच्या कड्यांतून अलगद जाते, पण तिला जाडी जवळजवळ सारखीच लागते आणि वाऱ्यात बांधताना तीन हात असावेत असं वाटतं.

जाडीत खूप फरक असेल, म्हणजे 0.35 ला 0.60 जोडायचा असेल, तर सर्जन गाठ घ्या. दोन्ही तंगूस वीतभर शेजारी ठेवा, दोन्ही मिळून एक कडं करा, आणि पुढचा अख्खा तुकडा व दुसऱ्याची शेंडी एकत्र धरून त्या कड्यातून दोनदा पार करा. बारीक असेल तर तीनदा. ओली करा आणि चारही टोकं एकाच वेळी ओढा. ही गाठ ओबडधोबड आहे, पण चारही टोकं सारखी ओढली तर दगा देत नाही. पुढचा तुकडा पूर्ण पार करावा लागत असल्यामुळे गळ बांधायच्या आधीच ही गाठ मारून घ्या.

ब्रेडेड, म्हणजे अनेक धागे विणून केलेल्या, दोरीला तंगूस जोडायचा असेल तर वेगळ्या गाठी लागतात. त्याबद्दल इथे बोलत नाही.

घरी परीक्षा

आपल्या हाताला कुठली गाठ चांगली बसते ते फक्त आपला तंगूस सांगू शकतो. तंगुसाचा हातभर तुकडा घ्या. एका टोकाला स्विव्हल युनीने बांधा, दुसऱ्या टोकाला दुसरा स्विव्हल क्लिंचने. गळ नको, तुटला की उडतो. तासभर पाण्यात भिजवा. एक स्विव्हल खिडकीच्या गजाला बांधा, दुसऱ्यात सामान तोलायचा लटकता काटा अडकवा, डोळ्यांवर चष्मा घाला आणि सावकाश ओढा. कुठली गाठ आधी गेली आणि काटा किती दाखवत होता, ते वहीत लिहा. असं दहा वेळा करा. एकदा-दोनदा केलं तर काही कळत नाही, कारण एखादी गाठ चुकून चांगली किंवा चुकून वाईट बसते. दहाच्या दहा वेळा सारखी टिकणारी गाठ मी निवडेन, भले तिचा सर्वांत मोठा आकडा दुसरीपेक्षा कमी असो.

माझ्या वहीत युनी आणि पॅलोमार कायम जवळजवळ राहिल्या. क्लिंचचे आकडे सगळ्यांत जास्त वरखाली झाले. पावसाळ्यात खडकांवर जाणं जिवावर बेतू शकतं, लाट पाठीमागून येते. मी ते दोन-अडीच महिने या कामाला देतो. रोज संध्याकाळी दहा गाठी, त्यातल्या पाच दिवा मालवून.

किनाऱ्यावर असताना

दर अर्ध्या तासाने, आणि प्रत्येक चांगल्या माशानंतर, गाठ आणि तिच्यावरचा हातभर तंगूस बोटांतून फिरवा. दगडात गळ अडकून जोराने सोडवला असेल तर गाठ टिकली म्हणून खूश होऊ नका, कापून नवी मारा. तिने तिचं काम केलं, आता तिच्यातला तंगूस ताणून गेलेला आहे. रीलवरचा तंगूस उन्हात ठेवू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन ठिसूळ होतं, आणि ठिसूळ तंगुसावर कुठलीच गाठ बसत नाही. नियमित जात असाल तर वर्षातून एकदा तरी तो बदला.

कापलेल्या शेंड्या आणि खराब झालेला तंगूस खिशात घाला. मी एक रिकामी प्लास्टिकची बाटली बरोबर ठेवतो, झाकणाला भोक पाडून त्यातून तुकडे आत ढकलतो. कोकणात वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. किनाऱ्यावरचे बगळे, तुतारी हे पक्षी चिखलात चालतात. पायात अडकलेला तंगूस त्यांना सोडवता येत नाही, आणि आपण इतक्या मेहनतीने शिकलेली निरगाठ तिथे आपोआप पडते. बाटली भरली की घरी आणतो, आतले तुकडे बारीक कापतो आणि मगच कचऱ्यात टाकतो.